माल्थस आठवतो, मुरुड नाही

महोदय,

लोकसंख्या दिनाच्या लेखांत माल्थस, म्हणजे अन्नापेक्षा लोकसंख्या वेगाने वाढते म्हणणारा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, हमखास येतो. आमच्या मुरुडचे कर्वे मात्र क्वचितच. (दापोलीजवळचे मुरुड, जंजिऱ्याचे नव्हे.) धोंडो केशवांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले, तर गावाने त्यांना वाळीत टाकले. मुलगा रघुनाथ याने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. सून इरावतीबाईंनी तर बर्लिनच्या आनुवंशिकता संस्थेत माणसांच्या कवट्या मोजल्या आणि वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या गुरूला न रुचणारा निष्कर्ष काढला. एकाच घरात लग्न, संतती आणि आनुवंशिकता!

आता रत्नागिरीची गत पाहा. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, त्याचे कौतुक होते. पण पुरुष मुंबईला गेलेत हे कोणी बोलत नाही. आमच्या आळीत अकरापैकी सहा घरांना कुलूप आहे. गणपतीत उघडतात, तेव्हा आधी वाळवी झाडावी लागते. शाळेत यंदा पहिलीला दोनच मुले. मुरुडच्या एखाद्या शाळेत या तिघा कर्व्यांवर एक भिंत तरी रंगवा, ती दोन मुले तरी ती वाचतील.

— एक वाचक, दापोली