विलीनीकरणानंतर वैमानिकांच्या वतीने कोणी बोलायचे, हे गुप्त मतदानाने ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन विमान कंपन्या एकत्र आल्या की बातम्यांत विमाने किती, मार्ग किती आणि शेपटीवर रंग कोणता, एवढेच येते. ती विमाने चालवणाऱ्यांच्या वतीने बोलायचे कोणी, हे आपल्याकडे प्रत्येक वेळी उड्डाणे रद्द व्हायला लागल्यावर आठवते. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि तिथल्या संघटनेचे काम केले. माझा सख्खा भाचा एका खासगी कंपनीत सहवैमानिक आहे. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

२००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कागदावर कंपनी एक झाली, वैमानिकांचे गट मात्र दोन राहिले. एअर इंडियाच्या जुन्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. पगाराची रचना वेगळी, भत्ते वेगळे, कमांडर, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, होण्याची वाटही वेगळी. हे दोन गट एका ज्येष्ठता यादीत कसे बसवायचे, हे ठरवल्याशिवाय सरकारने पाटी बदलली. आधी कळस, मग पाया.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. एप्रिल २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. तो दहा दिवस चालला. सरकारी व्यवस्थापनाने बोलणी करण्याआधी संघटनेची मान्यता काढली आणि तिच्या कार्यालयांना कुलपे ठोकली. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, उलट बाजू उठली. नव्याने येणाऱ्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देणार म्हटल्यावर गिल्डच्या वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या. ते आंदोलन ५८ दिवस चालले. दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, गिल्डचीही मान्यता गेली. म्हणजे पाच वर्षांत दोन्ही संघटनांची मान्यता एकदा तरी गेली आणि मूळ प्रश्न जागच्या जागी. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे वेतन आणि ज्येष्ठता कशी जुळवायची हे सांगण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो जानेवारी २०१२ मध्ये, विलीनीकरणानंतर सुमारे साडेचार वर्षांनी. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

ज्येष्ठतेवरून वैमानिक एवढे का भांडतात, असे लोक विचारतात. वैमानिकाचे सगळे आयुष्य त्या यादीतल्या क्रमांकावर चालते. सहवैमानिकाच्या उजव्या सीटवरून कमांडरच्या डाव्या सीटवर कधी जायचे, लहान विमानावरून मोठ्या विमानावर कधी, मुंबईत राहायला मिळणार की दुसऱ्या शहरात बदली, दिवाळीत रजा मिळणार की नाही, सगळे त्यावर. कमांडर आणि सहवैमानिक यांच्या पगारात मोठी तफावत असते. यादीत दोनशे माणसे एका रात्रीत पुढे आली तर कमांडर होणे काही वर्षे लांबू शकते, आणि ती वर्षे निवृत्तीच्या टोकाला कोणी परत देत नाही.

पगाराचेही तसेच. भाच्याची वेतनचिठ्ठी त्याने मला एकदा समजावून सांगितली. मूळ पगाराचा आकडा छोटा, उड्डाण भत्त्याचा मोठा. भत्ता तासांवर, म्हणून किमान किती तासांची हमी आहे हा कळीचा मुद्दा. इंजिनाअभावी विमान हँगरमध्ये उभे राहिले तर उड्डाण नाही. पण म्हणून सुट्टीही नाही. तो स्टँडबायवर असतो तेव्हा इस्त्री केलेला गणवेश कपाटाच्या दाराला टांगलेला, बॅग भरून उंबऱ्याशी, फोन हातात. आई जेवायला बोलावते तेव्हाही फोन ताटाशेजारी. बोलावणे आले नाही तर तो दिवस उड्डाणाच्या तासांत धरत नाहीत.

आता २०२३ आणि २०२४ मध्ये काय झाले ते पाहावे. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया परत घेतली. एप्रिल २०२३ मध्ये वैमानिकांना नवे करार पाठवले. ७० तासांच्या हमीऐवजी ४० तास. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाने वैमानिक वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडू शकत नाही. महिना ७० तास म्हणजे वर्षाला ८४०, म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्षाचे काम. महिना ४० म्हणजे वर्षाला ४८०. उरलेल्या तासांची जोखीम कंपनीच्या खांद्यावरून वैमानिकाच्या खांद्यावर आली. शिवाय चार वर्षे कमांडर राहिलेल्यांना ‘सीनियर कमांडर’ करून व्यवस्थापनात गणायचे, अशीही तरतूद होती. व्यवस्थापनात गेलेला माणूस संघटनेत राहू शकत नाही, हे बँकेत आम्ही अनेकदा पाहिले आहे.

ज्या दोन संघटना एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकल्या होत्या, त्या या वेळी एकत्र आल्या. दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांकडे दाद मागितली. कंपनीचे उत्तर होते की आमच्याकडे मान्यताप्राप्त संघटनाच नाही. प्रत्येकाने एकेकट्याने करारावर सही करायची. हेच करार पुढे टाटांच्याच दुसऱ्या विमान कंपनीच्या, विस्ताराच्या, वैमानिकांपुढे आले, कारण विस्तारा एअर इंडियात विलीन होणार होती. बहुतेकांनी सह्या केल्याही. पण एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला आजारपणाच्या रजा पडल्या, उड्डाणे धडाधड रद्द झाली आणि विस्ताराला रोजची २५ ते ३० उड्डाणे कमी करावी लागली. सही झाली म्हणजे संमती मिळाली, हा व्यवस्थापनाचा समज तिथे उघडा पडला. बोलायला अधिकृत माणूस नसला की असंतोष रजेच्या अर्जातून बाहेर पडतो, आणि त्याचा फटका विमानतळावर लेकरे घेऊन बसलेल्या प्रवाशांना बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. स्पर्धा आयोगाने मार्ग तपासले, कंपनी कायदा न्यायाधिकरणाने भागभांडवल तपासले. ज्येष्ठता यादी आणि वेतन तपासणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती.

लाखांत कमावणाऱ्यांना संघटना कशाला हवी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हे पटत नाही. वैमानिकाच्या परवान्यासाठी घरच्यांनी अनेकदा घर गहाण ठेवून कर्ज काढलेले असते, दर वर्षी वैद्यकीय तपासणीत एखादा दोष निघाला की उत्पन्न थांबते, आणि नोकरी बदलायची तर महिनोन्‌महिन्यांची नोटीस. आणि हा फक्त पगाराचा प्रश्न नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या लँडिंगचे नवे नियम २०२५ मध्ये लागू झाले ते संघटना दिल्ली उच्च न्यायालयात चिकाटीने लढल्या म्हणून. त्या नियमांचा लाभ मागच्या सीटवर झोपलेल्या प्रत्येक प्रवाशाला आहे.

आमच्या बँकांतही विलीनीकरणे झाली. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेल्या, २०२० मध्ये दहा बँकांच्या चार झाल्या. बदल्या, बढत्या, शाखा बंद होणे यांवरून कुरबुरी खूप झाल्या. पण एका बँकेचा पगार जास्त, दुसरीचा कमी, यावरून संप झाला नाही, कारण सगळ्या सरकारी बँकांचा पगार बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या द्विपक्षीय कराराने आधीच एक होता. हवाई क्षेत्रात असा उद्योगव्यापी करार नाही, म्हणून तिथे विलीनीकरणाआधीच बोलणी व्हायला हवीत.

अमेरिकेत याची चांगली आणि वाईट अशी दोन्ही उदाहरणे आहेत. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. दोन्हींचे वैमानिक एकाच संघटनेत होते, तरी २००७ च्या लवादाच्या यादीवरून असे फाटले की यूएस एअरवेजच्या बहुसंख्य वैमानिकांनी ती जुनी संघटना मतदानाने घालवून नवी आणली. संयुक्त करार वर्षानुवर्षे झाला नाही, दिवाळखोरीच्या काळात कापलेल्या पगारावर अनेकजण तसेच उडत राहिले. म्हणजे मतदान झाले की सगळे सुरळीत होते असा माझा दावा नाही. पण २००८ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांनी विलीनीकरण पूर्ण होण्याआधी वैमानिकांशी संयुक्त करार केला, ज्येष्ठता लवादाकडे दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात यादी आली. तिथे २००७ पासून कायदाच आहे की विलीनीकरणात ज्येष्ठता न्याय्य रीतीने जोडायची, जमले नाही तर लवाद.

मान्यता कागदावरची असून भागत नाही, हे मुंबईला कोणी शिकवायला नको. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते आणि १९४६ च्या कायद्याने प्रतिनिधित्व राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. मालक आणि सरकार ज्यांच्याशी बोलत होते त्यांच्यामागे कामगार नव्हते, आणि कामगार ज्यांच्यामागे होते त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. गिरणगावाचे पुढे काय झाले ते लालबाग-परळमध्ये डोळ्यांसमोर आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार आहे, तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद आहे. वैमानिक हे कामगारच, असे दिल्ली उच्च न्यायालयाने किंग एअरवेजच्या प्रकरणात म्हटलेले आहे. तेव्हा माझी मागणी अशी : एअर इंडियात कामगार आयुक्तांच्या देखरेखीखाली वैमानिकांचे गुप्त मतदान घ्यावे, जुन्या एअर इंडियाचे, विस्ताराचे आणि नव्याने भरती झालेले अशा सर्वांचे मिळून. जी संघटना निवडून येईल तिच्याशी तासांच्या हमीबद्दल बोलणी व्हावीत, आणि ज्येष्ठतेचा वाद मुदत ठरवून लवादाकडे द्यावा. यापुढे कोणत्याही विमान कंपनीच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना हे आधी झाले आहे की नाही, ते तपासले जावे. कमांडरला ‘व्यवस्थापक’ म्हणून मतदार यादीतून वगळू देऊ नये.

आपल्या वार्ताहरांनी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला आणि मुख्य कामगार आयुक्तांना एक प्रश्न लेखी विचारावा, ही विनंती. आज एअर इंडियाच्या वैमानिकांच्या वतीने कायद्याने बोलू शकणारी संघटना कोणती? त्यांचे उत्तर जसेच्या तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे