सिझरच्या कार्डावर एक ओळ हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहिल्या बाळंतपणात सिझर झाल्यावर दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरलेल्या एका मातेचे पत्र आपल्या दैनिकात वाचले आणि त्यावर नंतर आलेली वाचकांची पत्रेही वाचली. कोणी तिला धाडसी म्हटले आहे, कोणी बेजबाबदार. पश्चिम महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत मी ३१ वर्षे काम केले, त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका, म्हणून, आणि त्या अनुभवावरून मला असे वाटते की या निर्णयाचे माप धाडसाने घेणेच चुकीचे आहे. पहिल्या वेळी सिझर का करावे लागले, गर्भपिशवीवर छेद कसा घेतला गेला आणि या खेपेला बाळंतपण कोठे होणार आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते. यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य स्त्रियांकडे लेखी स्वरूपात नसतात, हे मला आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

काही वर्षांपूर्वीच्या ऊसतोडणीच्या हंगामातील एक रात्र मी विसरू शकत नाही. बीडकडून आलेल्या एका तोडणी कामगाराची पत्नी पहाटे दोनच्या सुमारास कळा देत आमच्याकडे आली. सोबत नवरा, मुकादमाची बायको आणि साडेतीन वर्षांची थोरली मुलगी. पोटावर आडव्या टाक्यांची जुनी खूण होती. सिझर का झाले होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, “बाळ अडकलं होतं म्हणाले.” नवऱ्याला तेवढेही ठाऊक नव्हते. कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटीची किल्ली सासूकडे. बाळाचे डोके खाली होते, ठोके उत्तम होते आणि पिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडले होते. तरीही डॉक्टरांनी सिझरचा निर्णय घेतला आणि त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. जुन्या छेदाचा प्रकार ठाऊक नसला तरी पहिल्या शस्त्रक्रियेच्या कारणावरून त्याचा अंदाज बांधता येतो आणि बहुतेक छेद सुरक्षित प्रकारचेच असतात, हे त्यांनाही माहीत होते. पण त्या रात्री एकच भूलतज्ज्ञ होते, तिच्या गटाचे रक्त आणायला चाळीस किलोमीटर जावे लागणार होते आणि हातात एकही कागद नव्हता.

पोटाच्या कातडीवरची खूण आतल्या गर्भपिशवीवरच्या छेदाविषयी काहीच सांगत नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. बाहेर टाके आडवे दिसत असले तरी आत छेद उभा असू शकतो. गर्भपिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेतलेला असेल तर तो पुढच्या प्रसूतीच्या कळा बहुधा नीट सोसतो, मात्र वरच्या जाड स्नायूत उभा छेद गेला असेल तर कळांमध्ये, किंवा कधी कळा सुरू होण्याआधीही, तो व्रण फाटण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. “एकदा सिझर म्हणजे कायम सिझर” हे वाक्य १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी उच्चारले, तेव्हा जवळजवळ सगळीकडे उभाच छेद घेतला जात असे. खालच्या भागातील आडवा छेद ग्लासगोच्या मन्रो कर यांच्या प्रयत्नांनी १९२० च्या दशकानंतर रूढ झाला. क्रेगिन यांचा रोख तर पहिले सिझर विनाकारण करू नये यावर होता, कारण त्याची किंमत पुढच्या प्रत्येक बाळंतपणात मोजावी लागते. त्यांच्या सल्ल्याचा अर्धाच भाग शंभर वर्षे टिकावा आणि नेमका महत्त्वाचा अर्धा गळून पडावा, याचे मला फार वाईट वाटते.

आडवा छेद असलेल्या, बाळाचे डोके खाली असलेल्या आणि दुसरी कोणतीही अडचण नसलेल्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर १०० पैकी ७२ ते ७५ जणी त्यात यशस्वी होतात, असे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते. पूर्वी एखादे नॉर्मल बाळंतपण झालेले असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. या प्रयत्नात जुना व्रण फाटण्याची शक्यता साधारण २०० त एक, तर कळा सुरू होण्यापूर्वीच ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझरमध्ये ती १०,००० त दोनपेक्षाही कमी असते. २०० त एक हा आकडा लहान असला तरी त्या एकीच्या घरी तो लहान नसतो. व्रण फाटला तर काही मिनिटांत पोट उघडावे लागते, बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो आणि क्वचित गर्भपिशवीच काढावी लागते. प्रयत्न फसून घाईत कराव्या लागलेल्या सिझरमध्ये आईला होणारा त्रास ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अधिक असतो, हेही तिला आधी सांगितलेच पाहिजे. सर्व बाजू ऐकून एखादी स्त्री दुसरे सिझरच निवडत असेल, तर तिच्या त्या निवडीलाही तितकाच मान द्यायला हवा.

मात्र बहुतेक घरांत तराजूच्या एकाच पारड्यात वजने टाकली जातात. टाका उसवेल, ही भीती प्रत्येक नातेवाईक बोलून दाखवतो, पण दुसऱ्या, तिसऱ्या सिझरनंतर काय होऊ शकते हे सहसा कोणी सांगत नाही. दरवेळी आतले अवयव एकमेकांना अधिक चिकटतात, मूत्राशयाला इजा होण्याचा संभव वाढतो आणि सर्वांत भीतिदायक म्हणजे वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतून बसू शकते. अमेरिकेतील १९ संस्थांमधील, ३०,००० हून अधिक सिझरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी, असलेल्या ज्या स्त्रियांचे आधी एक सिझर झाले होते, त्यांच्यात वार अशी रुतण्याचे प्रमाण ११ टक्के आढळले, दोन झालेल्यांत ४० टक्के आणि तीन झालेल्यांत ६१ टक्के. रुतलेली वार सुटत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. एका रात्रीत अकरा बाटल्या रक्त देऊन वाचवलेली आई मी पाहिली आहे आणि न वाचलेलीही पाहिली आहे. म्हणून जिला आणखी मुले हवी आहेत, तिच्यासाठी पहिल्या सिझरनंतरचा निर्णय एका बाळंतपणापुरता नसतो.

कोठे, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. असा प्रयत्न घरी, उपकेंद्रात किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या दवाखान्यात करू नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी हवे, कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके सतत पाहायला हवेत, कारण व्रण फाटत असल्याची पहिली खूण बहुधा ठोक्यांतच उमटते, आणि बाईजवळून हलणार नाही अशी अनुभवी परिचारिका हवी. कळा वाढवणारे सलाइन लावले की व्रण फाटण्याचा धोका दोन ते तीन पट वाढतो. पिशवीचे तोंड मऊ करण्यासाठी सर्रास वापरली जाणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी तर अशा स्त्रीला देऊच नये. “लवकर मोकळी करा” म्हणून प्रसूतिकक्षाच्या दारात डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्या नातेवाइकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

या सोयींचा आग्रह योग्य असला तरी त्याचा परिणाम काय होतो हे अमेरिकेत दिसले आहे. तेथे १९९६ मध्ये आधी सिझर झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के नैसर्गिकरीत्या प्रसूत होत होत्या. १९९९ मध्ये तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर “तत्काळ उपलब्ध” असण्याची अट घातल्यावर अनेक लहान रुग्णालयांनी ही सेवाच बंद केली आणि दहा वर्षांच्या आत ते प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले. अखेर २०१० मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाला, पुष्कळ स्त्रियांसाठी हा प्रयत्न रास्त पर्याय आहे, असे जाहीरपणे सांगावे लागले. आपल्याकडेही बहुतेक लहान प्रसूतिगृहांत प्रत्यक्षात तेच घडते. एका डॉक्टरांनी आठ-दहा तास एकाच बाईपाशी थांबायचे, रात्री भूलतज्ज्ञाला बोलावून बसवून ठेवायचे आणि काही बिनसले तर जमावाला एकट्याने तोंड द्यायचे, यापेक्षा सकाळी दहाची वेळ ठरवून केलेले सिझर त्यांना सोपे वाटले तर मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. पण खरे कारण बाईला सांगावे. “टाके आहेत, नॉर्मल होणारच नाही” असे सांगू नये. “आमच्याकडे ही सोय नाही, अमुक ठिकाणी आहे” एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी तिला निवड करता येते.

हा प्रश्न आता मूठभर स्त्रियांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सिझरचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत महाराष्ट्रात ते २५.४ आणि गोव्यात ३९.५ टक्के होते. देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या. म्हणजे आपल्या राज्यात चारांतील एक बाळंतपण व्रण मागे ठेवून जाते आणि त्यांतील पुष्कळ जणी दोन-चार वर्षांत पुन्हा प्रसूतिकक्षाच्या दारात येतात.

त्या येतात तेव्हा हातात काय असते? बहुधा “एलएससीएस” (गर्भपिशवीच्या खालच्या भागातून केलेले सिझर) ही चार अक्षरे, औषधांची नावे आणि टाके काढायची तारीख लिहिलेले डिस्चार्ज कार्ड. अनेकींकडे तेही नसते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीचे कागद माहेरी राहतात आणि दुसऱ्याला ती सासरच्या गावी किंवा नवऱ्याच्या नोकरीच्या शहरात असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्याच नियमावलीत दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवा असे आपण स्त्रियांना सांगतो आणि ते ऐकून जी तीन वर्षांहून अधिक थांबते, तिचे कागद तोवर रद्दीत गेलेले असू शकतात.

म्हणून माझी आरोग्य खात्याला, प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांना आणि आपल्या दैनिकाच्या वाचकांना विनंती आहे, की सिझर झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत आणि स्वच्छ अक्षरात शस्त्रक्रियेचे नेमके कारण, गर्भपिशवीवरील छेदाचा प्रकार आणि पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल की नाही याविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे मत लिहिलेले असावे. बाळ पायाळू होते की ठोके कमी झाले होते की पूर्ण तोंड उघडूनही डोके खाली सरकले नाही, यावर पुढची आशा बरीच ठरते. “बाळ अडकलं” या दोन शब्दांत ती मावत नाही. हीच ओळ माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवावी आणि आशाताईंनी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि आधी सिझर झालेल्यांची नोंद जोखमीच्या मातांमध्ये होते. त्या दिवशी लाल खूण लावून तिला घरी पाठवण्याऐवजी, पाचव्या-सहाव्या महिन्यातच दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे नवऱ्यासमक्ष आणि शक्य तर सासू किंवा आईसमक्ष समजावून सांगावेत. नवव्या महिन्यात, कळा सुरू झाल्यावर, ही चर्चा होऊ शकत नाही.

माझ्या भाचीकडे असा कागद होता. पुण्यात तिचे पहिले सिझर बाळ पायाळू होते म्हणून झाले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तो कागद वाचला, तिला आणि जावईबापूंना समोर बसवून पाऊण तास सगळे सांगितले आणि कळा सुरू होताच यायचे, ठोक्यांनी कौल बदलला तर वाद न घालता सिझर करायचे, असे ठरवून घेतले. अकरा तासांनी ती नैसर्गिकरीत्या मोकळी झाली. आमच्या शेजारच्या मुलीला मात्र असेच सर्व ठरवूनही नवव्या तासाला सिझर करावे लागले. दोघींची बाळे सुखरूप आहेत. शेजारची मुलगी आजही म्हणते की काय होऊ शकते ते आधी सांगितले होते, त्यामुळे फसवले गेल्यासारखे वाटले नाही.

तोडणीवरच्या त्या बाईचे कागद तिसऱ्या दिवशी दिराने पेटी उघडून मोबाइलवर पाठवले. बाळ पायाळू होते म्हणून पहिले सिझर झाले होते आणि छेद खालच्या भागात आडवा होता. तोवर तिच्या पोटावर दुसऱ्यांदा टाके पडले होते, नवऱ्याचा कोयता, म्हणजे तोडणीतील नवरा-बायकोची जोडी, अर्धा झाला होता आणि उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फिटायची होती. ती घरी जायला निघाली तेव्हा मी शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीतून उतरवून घेऊन, डॉक्टरांची सही घेऊन, तिच्या कार्डावर लाल शाईने लिहिले : “दोन सिझर. दोन्ही वेळा गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद. पहिले कारण : बाळ पायाळू. दुसरे कारण : आधीचे कागद उपलब्ध नव्हते.” ते कार्ड तिने आधार कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)