चष्मा न दिल्याबद्दल

ताई, स. न.

तुमच्या दुकानातून आम्ही चष्मा न घेता बाहेर पडलो, त्याबद्दल हे आभार.

धाकट्याला एकाच्या जागी दोन दिसतात, एवढीच तक्रार घेऊन आलो होतो. नंबर लागला असेल असंच घरात सगळे धरून चालले होते. (सासूबाईंनी मोबाइल काढून घेतला होता. तो अजून परत दिलेला नाही, ते वेगळं.) तुम्ही पेन धरलंत आणि मान न हलवता बघायला सांगितलंत. पेन उजवीकडे नेलं तेव्हा दोन्ही डोळे जोडीनं गेले. डावीकडे नेलं आणि डावा डोळा मधेच अडला. मग विचारलंत, "याचा कान फुटला होता का?"

फुटला होता, डावाच. औषधानं वाहायचा थांबलाही होता. डोळ्यामागं ठणकतं म्हणून रात्री रडायचा. त्याचा कानाशी संबंध कोण लावणार? तुम्ही पावतीच्या मागं लिहून दिलंत, 'डावा डोळा बाहेर जात नाही. कान फुटला होता. आजच कान-नाक-घसा.' 'आजच'खाली दोन रेघा.

एमआरआयमध्ये कळलं, कानाच्या हाडातला जंतुसंसर्ग आत सरकत कवटीच्या तळाशी, त्या हाडाच्या टोकापर्यंत गेला होता. डोळा बाहेर वळवणारी नस तिथून खेटून जाते आणि चेहऱ्याला संवेदना देणारी नसही जवळच असते. कान वाहणं, डोळ्यामागं दुखणं, दोन-दोन दिसणं, ही सांगड ग्रॅडेनिगो या इटालियन डॉक्टरांनी १९०४ मध्ये मांडली. अँटिबायोटिक आल्यापासून हा आजार क्वचितच दिसतो आणि तिन्ही खुणा एकदम दिसतीलच असंही नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. उशीर झाला असता तर मेंदूज्वर किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी, हेही त्यांनी लपवलं नाही.

कानाच्या पडद्याला छिद्र पाडून बारीक नळी बसवली, पू काढला. हाडात औषध पोचायला वेळ लागतो म्हणून शिरेतून अँटिबायोटिक कित्येक आठवडे चाललं. हाडाच्या ऑपरेशनची वेळ आली नाही. दुखणं आधी थांबलं, डोळा मात्र सावकाश वळू लागला. आता पुरता वळतो.

ऐकण्याची तपासणी अजून बाकी आहे. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून विहिरीवर पोहणं बंद, त्यावरून घरात रोज भांडण. तुम्ही तपासणीचे पैसे घेतले नव्हते. ते द्यायला येतोय, नाही म्हणू नका.

तुमची,
धाकट्याची आई