राहून गेलेले आभार

एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, पुण्यातील एका कोविड केंद्रात असताना, पीपीई किटमुळे जिचा चेहरा मला कधीच दिसला नाही त्या परिचारिकेने ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टा न हलवता माझ्या केसांतला गुंता हलक्या हाताने सोडवून दोन वेण्या घालून दिल्या. तिचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते. घरी आल्यावर स्टेरॉइडमुळे चेहरा सुजला होता, पुढे केस पुंजक्यांनी गळू लागले आणि नेमकी तेव्हाच स्थळाकडची मंडळी व्हिडिओ कॉलवर ‘जरा उजेडात बसा’ असे सुचवत होती. (बायोडेटात वर्ण ‘गव्हाळ’ लिहावा की ‘गोरा’, यावर घरात झालेली चर्चा सांगण्याजोगी नाही.) तीव्र तापानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती होते आणि बहुधा ती आपोआप थांबते, हे शांतपणे समजावून मी नेलेली महागड्या सीरमांची यादी बाजूला सारणाऱ्या डॉक्टर बाईंची मी ऋणी आहे. टाळेबंदीत स्वतःचाच धंदा बसलेला असताना, उजळपणाचे क्रीम गळ्यात न मारता केस खांद्यापर्यंत नीट कापून पैसे नाकारणाऱ्या पार्लरवाल्या ताईंचेही मनःपूर्वक आभार. आणि त्या स्थळाला परस्पर नकार कळवून टाकणाऱ्या आत्याचे तर विशेष आभार.