गोलसमोर अडखळणारा भारतीय संघ आणि बंद केलेली एक वाट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरवले. बांगलादेशाने फुटबॉलमध्ये आपल्याला हरवण्याची ही २२ वर्षांतील पहिलीच वेळ होती. २०२७ साली सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई करंडक स्पर्धेच्या पात्रता फेरीतून आपण त्याआधीच, ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरलो तेव्हा, बाहेर पडलो होतो. त्यामुळे ढाक्यातील सामन्याला गुणतक्त्याच्या दृष्टीने अर्थ उरलेला नव्हता आणि तरीही तो पराभव मनाला फार लागला. त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतेक प्रशिक्षक, फुटबॉल महासंघ आणि ‘दीडशे कोटींच्या देशाला अकरा खेळाडू मिळत नाहीत का’ या तीन मुद्द्यांभोवतीच फिरली. माझ्या मते ती नेमक्या दुखण्यापर्यंत पोहोचलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दुखणे गोल न होण्याचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई करंडकात आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असे हरलो; तीन सामन्यांत एकही गोल झाला नाही. पुढच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नोव्हेंबर २०२५ पर्यंत ‘क’ गटातील पाच सामने झाले. शिलाँगला बांगलादेशाशी ०-० अशी बरोबरी, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापूरमध्ये १-१, मडगावला १-२ आणि ढाक्यात ०-१. म्हणजे आठ सामन्यांत दोन गोल. याच पाच पात्रता सामन्यांत आपल्यावर झालेले गोलही पाचच आहेत. सामन्यामागे एक गोल खाणारा संघ बचावामुळे बुडाला असे म्हणता येत नाही. गटवारी ठरवताना ज्या सहा संघांना पहिल्या मानांकनात ठेवले होते त्यांत भारत होता, आणि त्या संघाला बांगलादेश, हाँगकाँग व सिंगापूर यांच्याविरुद्ध साडेचारशे मिनिटांत दोनदाच जाळे गाठता आले.

१४ ऑक्टोबरचा मडगावचा सामना मी दूरचित्रवाणीवर पाहिला. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगते याने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा फातोर्डा मैदानातला आवाज घरात बसूनही अंगावर आला. त्यानंतर अर्धा तास आपल्या हाती होता. आपण कडेने पुढे जात होतो, क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले चेंडू, येत होते. परंतु क्रॉस आला की गोलक्षेत्रात त्याची वाट पाहणारा माणूस दर वेळी एक पाऊल उशिरा पोहोचे किंवा बचावपटूच्या पाठीमागेच अडकून राही. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल केला. त्याच्याकडे विलक्षण वेग आहे असे मुळीच नाही. जिथे चेंडू येणार तिथे तो आधी जाऊन उभा होता, एवढेच.

हे ‘आधी जाऊन उभे राहणे’ कसे येते, याविषयी थोडे अनुभवाने सांगता येईल. मी तीस वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे मुलांचा फुटबॉल संघ सांभाळला. बचाव शिकवता येतो. जागा धरणे, माणूस धरणे, चेंडू लांब मारणे हे सरावात घोटून घेता येते. गोल करणारा मुलगा मात्र सामन्यांतूनच तयार होतो. आठवीतल्या एका मुलाला मी बारकाईने पाहत असे. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तो दोनदा खांद्यावरून मागे वळून पाही, बचावपटूला आपण लांबच्या खांबाकडे निघालो आहोत असे भासवी आणि क्रॉस सुटण्याच्या क्षणी जवळच्या खांबाकडे झेपावे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गल्लीतल्या मोठ्या मुलांबरोबर रोज खेळून, पंचवीस वेळा चुकून, सव्विसाव्या वेळी त्याला ते साधले होते. आमच्या शालेय स्पर्धा मात्र बाद पद्धतीच्या. पहिल्याच फेरीत हरलो की वर्ष संपले, आणि जिंकत गेलो तरी चार-पाच सामने. त्या मुलाला वर्षातून पंचवीस स्पर्धात्मक सामने मिळाले असते तर तो कुठवर गेला असता हे मला सांगता येणार नाही. पण ते त्याला मिळाले नाहीत, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

वरच्या पातळीवरही गोष्ट हीच आहे. इंडियन सुपर लीग या देशाच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरवता येतात, आणि क्लबचे पैसे पणाला लागलेले असल्यामुळे त्यांतला एक बहुधा मधला स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीपटू, असतो. भारतीय आघाडीपटूला मग कडेला खेळावे लागते किंवा शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखीव बाकावरून यावे लागते. लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. २०२४-२५ च्या हंगामात मोरोक्कोच्या अलादिन अजाराईने २३ गोल केले. भारतीयांमध्ये सर्वाधिक, म्हणजे १४ गोल सुनील छेत्रीचे होते, आणि तेव्हा त्याने वयाची चाळिशी गाठली होती. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूला मार्च २०२५ मध्ये पुन्हा राष्ट्रीय संघात बोलवावे लागले. छेत्रीविषयी मला अपार आदर आहे आणि त्याच्या परतण्याला माझा विरोधही नव्हता, परंतु चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवण्याखेरीज दुसरा मार्ग ज्यांना दिसत नाही, त्यांनी मधल्या पंधरा वर्षांत काय केले हे विचारणे आवश्यक आहे.

क्लबांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. ते आपल्या संघाच्या गुणांचा विचार करणार, आणि ते रास्तही आहे. प्रशिक्षक बदलूनही फारसे काही झालेले नाही. इगोर श्टिमाच, मानोलो मार्केझ आणि मग खालिद जमील, असे सव्वा वर्षात तीन प्रशिक्षक झाले. जमील यांच्या संघाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कप स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा हा माणूस काही करू शकेल असे मलाही वाटले होते आणि अजूनही वाटते. पण कोणताही प्रशिक्षक शिबिराच्या दहा दिवसांत स्ट्रायकर घडवू शकत नाही. त्यात २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लीगच अडली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हंगाम सुरू झालेला नव्हता आणि खेळाडू स्पर्धात्मक सामन्यांवाचून राष्ट्रीय संघात येत होते.

परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यावे, हा उपायही पुन्हा पुढे आला आहे. बांगलादेशाने इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमजा चौधरीला आणले आणि त्याचा त्यांना उपयोग झाला, हे खरेच. नियमात बसत असेल तर आपणही तसे करावे. परंतु हमजा असूनही बांगलादेश पात्र ठरला नाही, हेही त्याच तक्त्यात लिहिलेले आहे.

ज्या देशांनी आशियाई करंडकात अलीकडे मुसंडी मारली, ते तिथवर कसे पोहोचले ते पाहावे. २०२४ च्या त्याच स्पर्धेत जॉर्डनने उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाला २-० असे हरवून प्रथमच अंतिम सामना गाठला, पदार्पण करणारा ताजिकिस्तानचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि पॅलेस्टाईनने स्पर्धेतील आपला पहिला विजय मिळवून बाद फेरीत प्रवेश केला. चीनसारख्या, पैशाची ददात नसलेल्या देशाला मात्र आपल्यासारखाच एकही गोल करता आला नाही. जॉर्डन आणि उझबेकिस्तान २०२६ च्या विश्वचषकासाठीही पात्र ठरले आहेत. यांतले उझबेकिस्तानचे उदाहरण आपल्यासाठी सर्वांत उद्बोधक आहे, कारण तिथे नशिबापेक्षा नियोजन अधिक दिसते. त्यांच्या महासंघाने २०२१ मध्ये आपल्या युवा खेळाडूंचा ‘ऑलिंपिक’ नावाचा स्वतंत्र संघ उभा केला आणि तो देशाच्या लीगमध्ये मोठ्या माणसांच्या संघांविरुद्ध उतरवला. त्याच पिढीतून ते २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत २०२२ व २०२४ अशा लागोपाठ दोन वेळा उपविजेते झाले, २०२३ मध्ये २० वर्षांखालील विजेतेपद मिळाले आणि संघ पॅरिस ऑलिंपिकला गेला. २०२४ च्या जानेवारीत चौथ्याच मिनिटाला आपल्यावर गोल करणारा अब्बोसबेक फैझुल्लायेव त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता.

आता मुख्य मुद्दा. असाच संघ आपल्याकडे होता, आणि तो उझबेकिस्तानच्या अकरा वर्षे आधी होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये ‘इंडियन ॲरोज’ सुरू केला. २०१३ मध्ये तो बंद पडला. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा तयार झालेल्या मुलांसाठी तो पुन्हा उभा राहिला आणि आय-लीग या राष्ट्रीय क्लब स्पर्धेत, एकाही परदेशी खेळाडूशिवाय, अनुभवी संघांशी खेळू लागला. त्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिला गोल करणारा जिक्सन सिंग, मध्यफळीतला सुरेश वांगजम आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव हे सारे या संघातून खेळले आहेत. २०१९ च्या आशियाई करंडकात थायलंडला आपण ४-१ असे हरवले, त्यातला शेवटचा गोल जेजे लालपेखलुआचा; तो ॲरोजच्या पहिल्या पर्वातला. आणि या पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत झालेल्या आपल्या दोन गोलांपैकी सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून देणारा गोल रहीम अलीचा, तो दुसऱ्या पर्वातला. २०२२ मध्ये हा संघ पुन्हा बंद करण्यात आला.

त्या निर्णयामागची कारणे मला ठाऊक आहेत. ॲरोज तक्त्यात बहुधा तळाशी असे, त्यावर खर्च होई, आणि तोच पैसा युवा लीगवर लावला तर अधिक मुलांना खेळता येईल असे सांगण्यात आले. युवा लीग हवीच. परंतु समवयस्कांशी खेळणे आणि अठराव्या वर्षी तीस वर्षांच्या धिप्पाड बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून चेंडू राखणे, या दोन वेगळ्या शाळा आहेत. दुसऱ्या शाळेत मूल आधी हरते, पडते, दहा संधी वाया घालवते. तिथल्या पराभवांची नोंद गुणतक्त्यात करून ती शाळा निरुपयोगी ठरवणे मला शिक्षक म्हणून पटत नाही.

हे सांगण्याला २०२५ ने विशेष कारण दिले. आपल्या महिलांनी जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई करंडकात स्थान मिळवले आणि त्या पात्रता फेरीच्या चार सामन्यांत तब्बल २४ गोल केले. २०२२ मध्ये नवी मुंबईत करोनामुळे ज्या संघाला स्पर्धा अर्धवट सोडावी लागली होती, त्या संघासाठी याहून मोठी गोष्ट नाही. सप्टेंबरात नौशाद मूसा यांच्या २३ वर्षांखालील मुलांनी बहरीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवले, कतारकडून मात्र ते १-२ असे हरले आणि थोडक्यात पात्रता हुकली. आणि ३० नोव्हेंबरला अहमदाबादेत १७ वर्षांखालील संघाने, आधी गोल खाल्ल्यावरही, इराणला २-१ असे नमवून आशियाई स्पर्धेत प्रवेश केला. ढाक्यातल्या पराभवाला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

इराणला हरवणारी ही मुले पुढच्या दोन वर्षांत एकोणीस वर्षांची होतील. त्यांतले चार-पाच जण क्लबांशी करार करतील आणि बाकावर बसतील. उरलेले वयोगटाबाहेर जातील आणि त्यांना सामनेच उरणार नाहीत. २०१७ च्या मुलांसाठी निदान ॲरोज होता. माझी महासंघाला विनंती आहे की हा संघ या मुलांसाठी पुन्हा सुरू करावा, देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याला जागा द्यावी आणि किमान पाच वर्षे तो बंद न करण्याची हमी आधीच जाहीर करावी. सुपर लीगच्या क्लबांनीही करारबद्ध केलेल्या ज्या मुलांना मैदानावर उतरवता येत नाही, ती या संघाकडे उसनी द्यावीत.

पात्रता फेरीतला आपला शेवटचा सामना मार्च २०२६ अखेर हाँगकाँगशी, मायदेशात ठरला. त्याच्या निकालाने काहीच बदलणार नव्हते, म्हणूनच जमील यांनी त्या दिवशी सप्टेंबरच्या संघातल्या तेवीस वर्षांखालील आघाडीपटूंना, तेही कडेला नव्हे, मधोमध, पूर्ण नव्वद मिनिटे खेळवावे, असे माझे मत होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक