रात्रपाळीच्या त्या सिस्टरांना

गर्भ पडल्यावर क्युरेटिंग झालं, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ केलं, आणि माझी पाळी जवळजवळ बंदच झाली. "टेन्शन घेऊ नका," एवढंच आठ महिने ऐकलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, तर गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटलेल्या. अशरमन सिंड्रोम. पोटावर टाका नाही. दुर्बिणीतूनच बारीक कात्रीने तो भाग सोडवला, आत छोटा फुगा ठेवला आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून दिल्या.

रात्री कळा येत होत्या. फुगा कशाला, हे विचारायचीही लाज वाटत होती. सिस्टर, तुम्ही स्टूल ओढून बसलात. औषधाच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने गर्भाशय काढलंत. "ओल्या जखमा समोरासमोर आल्या की परत चिकटतात, म्हणून मध्ये ही पाचर. काही दिवसांनी काढतात."

मग सासूबाईंकडे बघून, जरा मोठ्यानेच, "हिची यात काही चूक नाही हं."

घरात हे वाक्य तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

सकाळी तुमची ड्युटी संपली होती, नाव विचारायचं राहिलं. ते खोकं मी फाइलमध्ये जपून ठेवलंय. मनापासून आभार, सिस्टर. या महिन्यात पाळी चार दिवस आली.