सातारा-वाई गाडीतल्या कंडक्टरताईला

प्रिय कंडक्टरताई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव मला ठाऊक नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर असतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि माझा चष्मा कायम पिशवीच्या तळाशी. त्या पिशवीचं पुढं काय झालं ते तुला माहीतच आहे. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. सांगतेय मी, टाइप करतेय नात. मधूनच ती "आजी, हे कशाला?" म्हणते, तिला म्हटलंय गप लिही.

जून २०२३ चा पहिला आठवडा. साताऱ्याच्या स्टँडवर वाईची गाडी लागलेली. आम्ही चौघी चढलो: मी, शेजारच्या वहिनी, माझी धाकटी जाऊ आणि आमच्या वाड्यातल्या ऐंशीच्या मास्तरीणबाई. पंच्याहत्तरी पुरी झालेल्यांना एसटी फुकट, हे २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू होतं, पण माझी पंच्याहत्तरी नुकतीच भरलेली. तू आधार कार्ड हातात घेतलंस आणि हसायलाच लागलीस.

"आजी, एक जून?"

मी म्हटलं, अगं, खरी तारीख कुणाला माहीत! आई म्हणायची, गांधीजी गेले त्या पावसाळ्यात झालीस. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहिलं. वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच होती.

"तारखेचं नाही हो, साल बघा. एक जून १९४८. त्याच दिवशी पहिली एसटी सुटली, पुणे-नगर. तुम्ही आणि एसटी जुळ्या!"

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघायला लागला. पंच्याहत्तर वर्षांत माझी ती तारीख पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली.

मशीनमधून तिकीट आलं, शून्य रुपयांचं. मला ते घ्यायला लाज वाटत होती. आम्ही फुकटचं खाऊ नये असं शिकलेली माणसं, मी पैसे काढायला कनवटीला हात घातलाही होता. तू म्हणालीस, "शून्याचं असलं तरी तिकीट आहे आजी. तिकीट आहे म्हणजे सीट मागायची." आणि खिडकीशी कानात वायरी घालून बसलेल्या पोराला उठवलंस. ते तिकीट अजून पोथीत खूण म्हणून आहे. शाई उडून गेली, कोरा कागद राहिलाय, पण मला कळतं ते कुठलं आहे. (वहिनी तेव्हा ६८ च्या, त्यांना अर्धं तिकीट. त्याचाच त्यांना राग. "मी काय पाप केलंय, सात वर्षं थांबायला?" हे त्या पार पाचवड फाट्यापर्यंत म्हणत होत्या.)

पण आभार त्या शून्यासाठी नाहीत.

तू विचारलंस, "आज कुठं?" मी म्हटलं, वाईला. तू पुढं काही विचारलं नाहीस. माझ्या वयाच्या बाईनं पायात चप्पल घातली की सगळे विचारतात ते "कशाला?" दवाखाना असला तर चालतं, लग्न चालतं, कुणाच्या दहाव्याला जायचं तर लगेच रिक्षा येते. उगीच जायचं म्हटलं की चेहरे बदलतात. माझ्या घरात वाईट काही नाही हो. मुलगा सकाळचा चहा माझ्याबरोबर घेतो, एकाच पेपरातलं मी शब्दकोडं आणि तो बाकीचा. सून रविवारी थालीपिठं लावते आणि पहिलं, कडेला कुरकुरीत झालेलं, मला देते. नात मला मोबाइलवर तिच्या मैत्रिणींची भांडणं वाचून दाखवते, त्यांत कोण कुणाशी बोलत नाही ते मला तिच्यापेक्षा नीट लक्षात असतं. संध्याकाळी राजवाड्यावर गोलबागेत आमचा कट्टा असतोच. म्हणजे सुखच आहे. पण ते सगळं साताऱ्यात, माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरात. गुडघा दुखायला लागल्यापासून ते अंतरही आखडत चाललेलं.

त्या गुडघ्याचंच सांगायचंय. एसटीची पहिली पायरी म्हणजे माझ्या लेखी अजिंक्यतारा. दुसऱ्या खेपेला मी दांडा धरून नुसती उभी होते, मागून लोक ढकलत होते. तू उतरून आलीस, मागच्यांना म्हणालीस "जरा दम धरा" आणि मला म्हणालीस, "आजी, चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. आमच्या आईला फिजिओवाल्यांनी शिकवलंय." एवढंच. गोळ्या, तेलं, पट्टे झाले होते माझे, पण कुठला पाय आधी टाकायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता घरातल्या जिन्यावरही मी तसंच करते. गोलबागेतल्या सगळ्याजणींना शिकवलंय. "चांगला वर, दुखरा खाली" असं पुटपुटत आम्ही चढतो, ऐकणाऱ्याला जप वाटतो.

मग आम्हाला चटकच लागली. महिन्यातला पहिला आणि तिसरा मंगळवार. वाईला उतरायचं, ढोल्या गणपतीला नमस्कार करायचा, घाटावर पाय मोकळे सोडून डबे उघडायचे. एकदा वडापनं, म्हणजे सीटवारी जीपनं, मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा बघितला, खाली कृष्णेच्या घाटावरची ती मोठी घंटा बघितली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या मोहिमेतली ती घंटा, हे मास्तरीणबाईंनी आम्हाला असं सांगितलं की जणू त्या तेव्हा वसईला होत्या. धाकट्या जावेला इतिहासात गम्य नाही. ती घाटावर बसून कणसाचे दाणे सोलत होती. तिचं म्हणणं, लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण दुपारी दोन वाजता नदीकाठी नुसतं बसलोय असं कधी झालं नव्हतं. परतीच्या गाडीत तू भेटलीस की विचारायचीस, "काय पाहिलंत?" घरी गेल्यावर "दमलात का?" विचारतात. प्रेमानंच विचारतात, पण त्याचं उत्तर एका शब्दात संपतं.

आता पिशवी. २०२४ चा कृष्णाबाईचा उत्सव, वाईला तोबा गर्दी. मी मंडईतून किलोभर ओली हळद घेतली. गाडीत जागा मिळाली, गप्पा रंगल्या, आणि साताऱ्याला उतरताना पिशवी सीटखाली राहिली. तिच्यात हळद, चष्मा, आधार कार्ड. घरी आल्यावर मी जेवले नाही. हळदीचं काय, पुन्हा मिळते. पण कार्ड गेलं म्हणजे तिकीट गेलं, आणि त्याहून, "बघा, म्हणून म्हणत होतो, कशाला जाता" हे आता ऐकावं लागणार. कुणी म्हणालं नव्हतं, पण मला ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

रात्री नवाच्या सुमारास फोन आला. पिशवीच्या आतल्या बाजूला नातीनं मार्करनं नंबर लिहून ठेवला होता, कारण तिला तिची आजी माहीत आहे. तुझा पहिला प्रश्न, "आजी, ही हळद पिशवीतच राहू दे की काढून पसरून ठेवू? कुजायची नाही ना?" दिवसभर उभं राहून ड्युटी केलेली बाई, घरी जाऊन माझी हळद कागदावर पसरत होती! दुसऱ्या दिवशी स्टँडवर पिशवी हातात दिलीस. मी चष्मा शोधून डोळ्याला लावेपर्यंत तू डबल बेल देऊन निघूनही गेलीस. बिल्ला परत राहिला.

त्या हळदीचं लोणचं घातलं. लिंबू जास्त, आलं थोडं, मोहरी फेसून. एक बाटली तुझ्यासाठी काढली. पण पुढच्या मंगळवारी तुझ्या जागी एक मुलगा होता. त्याच्या पुढच्यालाही तोच. कुणी म्हणालं ड्युटी बदलली, कुणी म्हणालं बदली झाली. मुलगा चांगला आहे, चढताना हात देतो. पण "कशाला निघालाय आजी, एवढ्या उन्हात?" असं विचारतो. शिकेल.

बाटली स्टँडवर ठेवली तर तुझ्यापर्यंत पोचायच्या आत तिथल्या डब्याडब्यांतून संपेल, म्हणून ठेवली नाही. पहिल्या वर्षीची शेवटी वहिनींनी संपवली. यंदाची नवी भरलीय, झाकणावर नातीनं "कंडक्टरताई" असं लिहिलंय. आमचे मंगळवार तेच आहेत, पहिला आणि तिसरा, सकाळची दहाची गाडी.

तुझी,
एक जूनवाली आजी